आर्मी कटवर्मचा पतंग (युक्झोआ ऑक्झिलिॲरिस) ओळखायचा कसा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आर्मी कटवर्म म्हणजे नेमका कोणता कीटक?

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातला, रॉकी पर्वत आणि त्याच्या पूर्वेकडची सपाट गवताळ मैदाने यांमध्ये ये-जा करणारा एक करडा-तपकिरी पतंग. शास्त्रीय नाव युक्झोआ ऑक्झिलिॲरिस. कॅनडातल्या अल्बर्टापासून मेक्सिकोपर्यंत तो सापडतो. मिसिसिपी नदी ओलांडून पूर्वेला गेलात की नोंदी तुरळक होतात.

अळीला ‘आर्मी कटवर्म’ म्हणतात, कारण अन्न संपले की अळ्या झुंडीने पुढच्या शेतात सरकतात. पतंगाला कोलोराडो-वायोमिंगकडे ‘मिलर मॉथ’ म्हणतात; मिलर म्हणजे पिठाची गिरणी चालवणारा. हात लावला की पंखांचे खवले पिठासारखे बोटांना चिकटतात, म्हणून हे नाव पडले. पण ‘मिलर’ हे नाव त्या भागात घरात शिरणाऱ्या कुठल्याही करड्या पतंगाला सर्रास लावतात. त्यामुळे नोंदीत नुसते ‘मिलर’ लिहिलेले असेल, तर त्यावरून जात ठरवू नका.

महाराष्ट्रात मक्यावर येणारी लष्करी अळी हीच का?

नाही. २०१८ साली कर्नाटकात प्रथम नोंदली गेलेली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पोहोचलेली अमेरिकन लष्करी अळी म्हणजे स्पोडोप्टेरा फ्रुगिपर्डा. कुल एकच, नॉक्टुइडी. वंश आणि सवयी वेगळ्या. तिच्या डोक्यावर उलटा ‘वाय’ दिसतो आणि शेपटीकडून दुसऱ्या खंडावर चार काळे ठिपके चौकोनात असतात. आर्मी कटवर्मच्या अळीवर यातले काहीच नसते.

हरभरा, बटाटा, भाजीपाल्याची रोपे जमिनीलगत कापणारी आपल्याकडची कटवर्म (रोपे कुरतडणारी अळी) मात्र जास्त जवळची नातलग आहे. तिचे नाव ॲग्रोटिस इप्सिलॉन. ही जात उत्तर अमेरिकेतही मुबलक आहे आणि तिथे तिला ‘ब्लॅक कटवर्म’ म्हणतात. तुमच्या शेतातला पतंग आणि नेब्रास्कातल्या सापळ्यातला पतंग एकाच जातीचा असू शकतो, तो इथे. युक्झोआ ऑक्झिलिॲरिस मात्र भारतात नाही.

वर्गीकरणात ही जात कुठे बसते?

वरून खाली असे:

गण लेपिडोप्टेरा (फुलपाखरे व पतंग), अधिकुल नॉक्टुऑयडिया, कुल नॉक्टुइडी, उपकुल नॉक्टुइनी, जमात नॉक्टुइनाय, उपजमात ॲग्रोटिना, वंश युक्झोआ, उपवंश कोरिझॅग्रोटिस, जात ऑक्झिलिॲरिस.

यातली प्रत्येक पायरी कुठल्या तरी अवयवावर उभी आहे, आणि ओळख पटवताना तेच अवयव कामाला येतात. अधिकुलाची खूण म्हणजे छातीच्या मागच्या खंडावर, पोट जिथे जोडलेले असते तिथला ‘कान’. नॉक्टुइडी कुलात मागच्या पंखाची एम-२ ही शीर क्षीण झालेली असते. नॉक्टुइनायमध्ये डोळे केसविरहित असतात आणि मधल्या व मागच्या पायांच्या नडगीवर काटे असतात. ॲग्रोटिनात बहुतेक वेळा पुढच्या नडगीवरही काटे येतात.

२००५ नंतरच्या काही वर्षांत रेणवीय (डीएनएवर आधारित) अभ्यासामुळे जुन्या नॉक्टुइडी कुलातला मोठा भाग वेगळा काढून इरेबिडी या कुलात टाकला गेला. जुन्या पुस्तकात नॉक्टुइडीत दिसणारा पतंग आज तिथे नसेल तर गोंधळू नका. कटवर्म मंडळींना या उलथापालथीचा फारसा धक्का लागला नाही. जुन्या पुस्तकांतले ‘ॲग्रोटिनाय’ आता नॉक्टुइनायच्या खाली आले, एवढाच फरक.

युक्झोआ हा उत्तर अमेरिकेतल्या पतंगांच्या सर्वांत मोठ्या वंशांपैकी एक. पावणेदोनशेच्या आसपास जाती, बहुतेक कोरड्या पश्चिमेत, आणि बहुतेक करड्या-तपकिरी. सगळी अडचण इथूनच सुरू होते.

नावापुढे ‘(ग्रोट, १८७३)’ असे कंसात का लिहितात?

ऑगस्टस रॅडक्लिफ ग्रोट यांनी १८७३ साली ही जात वर्णन केली तेव्हा ती ॲग्रोटिस वंशात ठेवली होती. पुढे ती युक्झोआत हलवली गेली. वंश बदलला की मूळ वर्णनकर्त्याचे नाव आणि वर्ष कंसात जाते, हा प्राणिशास्त्रीय नामकरणाचा नियम आहे. कंस गाळला तर ‘ग्रोट यांनीच युक्झोआ वंशात वर्णन केले’ असा अर्थ होतो, आणि तो चुकीचा आहे. लेबल लिहिताना सर्वाधिक होणारी चूक हीच.

जुन्या नोंदींत कोरिझॅग्रोटिस ऑक्झिलिॲरिस, ॲग्रेस्टिस, इंट्रोफेरेन्स अशी नावे दिसतात. या वेगळ्या जाती आहेत का?

नाहीत. कोरिझॅग्रोटिस हा एके काळी स्वतंत्र वंश मानला जाई. आज तो युक्झोआचा उपवंश आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या शेतकी अहवालांत हेच नाव सापडते, म्हणून जुने साहित्य शोधताना दोन्ही नावांनी शोधा.

ॲग्रेस्टिस, इंट्रोफेरेन्स, सोरोर ही नावे पंखांच्या नक्षीवरून दिलेली. काही पतंगांच्या पुढच्या पंखाच्या वरच्या कडेला रुंद फिकट पट्टा असतो आणि आतले ठिपके ठळक उठून दिसतात. काहींत पट्टा नसतो, सगळा पंख एकसारखा मातकट आणि ठिपक्यांची कडा जेमतेम कळते. शेजारी ठेवले तर कुणीही यांना दोन जाती म्हणेल. पण हे सगळे प्रकार एकाच ठिकाणी, एकाच रात्री उडतात, त्यांची जननेंद्रिये सारखी असतात आणि मधल्या छटांचे पतंगही भरपूर मिळतात. म्हणून आज ही नावे समानार्थी धरतात. फार तर ‘रूप’ म्हणून उल्लेख करावा, उपजात म्हणून नाही. उपजातीला स्वतःचा भूप्रदेश लागतो, तो इथे कुठल्याच रूपाला नाही.

पतंग हातात आला. सुरुवात कुठून करू?

रंगापासून तर मुळीच नको. दहापट भिंग घ्या आणि या क्रमाने बघा.

आधी माप. पंख पसरल्यावर टोकापासून टोकापर्यंत साधारण ३५ ते ५० मिमी. ३० मिमीच्या आतला पतंग असेल तर दुसरीकडे शोधा.

मग डोळे. प्रकाश बाजूने टाकून संयुक्त डोळ्याच्या पृष्ठभागावर बारीक केस आहेत का पाहा. केस दिसले तर पतंग नॉक्टुइनाय जमातीचा नाही आणि पुढे बघण्याची गरज उरत नाही. एवढ्या एका खुणेने सापळ्यातले निम्मे फसवे नमुने बाजूला पडू शकतात, तरी लोक ती बघत नाहीत.

तिसरे पाय. नडगीवरचे काटे खवल्यांत दडलेले असतात. ओल्या बारीक कुंचल्याने खवले सारून बघा. काटे नडगीच्या टोकाशी असणाऱ्या लांब आऱ्यांहून वेगळे असतात, त्यांची गल्लत करू नका. बोंडअळीच्या गटातल्या पतंगांच्या नडगीवरही काटे असतात, त्यामुळे ही खूण एकटी पुरत नाही.

चौथे कपाळ. दोन डोळ्यांच्या मधला भाग खवले काढून पाहिला तर युक्झोआत खडबडीत उंचवटा दिसतो. कोष मातीत असतो आणि पतंगाला माती फोडून वर यावे लागते, हे लक्षात घेतले की तो उंचवटा कशाला असतो ते कळते. ॲग्रोटिसमध्येही तो असतो, म्हणजे इथपर्यंत आपण उपजमातीजवळ आलो, वंशापर्यंत नाही.

आता पंख. पुढच्या पंखावर मुख्य खुणा तीन: आतल्या बाजूचा गोल ठिपका, बाहेरचा मूत्रपिंडाच्या आकाराचा ठिपका, आणि खालचा गदेसारखा लांबट ठिपका. मागचा पंख बुडाशी फिकट करडा, कडेकडे गडद होत जाणारा, शिरा उठून दिसणाऱ्या आणि झालर फिकट. मागचा पंख स्वच्छ पांढरा किंवा पिवळा असेल तर ही जात नव्हे.

शेवटी नर की मादी ते ठरवा, कारण पुढची तपासणी त्यावर अवलंबून आहे. मागच्या पंखाच्या बुडाशी, खालच्या बाजूने, पुढच्या पंखाला अडकणारा राठ केस बघा: नरात एकच जाड केस, मादीत दोन किंवा अधिक बारीक केस. मिशांवरून अंदाज बांधण्यापेक्षा हे जास्त खात्रीचे.

कोणत्या पतंगांशी सर्वाधिक गल्लत होते?

ब्लॅक कटवर्म (ॲग्रोटिस इप्सिलॉन): मूत्रपिंडाकार ठिपक्याच्या बाहेरच्या कडेला चिकटून काळी, टोकदार खंजिरासारखी रेघ. मागचा पंख जवळजवळ पांढरा, मोत्यासारखी झाक असलेला. नराच्या मिशा बुडाकडे दोन्ही बाजूंनी कंगव्यासारख्या, टोकाकडे साध्या. ताज्या नमुन्यात ही ओळख सोपी. खवले झडले की खंजीर आधी जातो आणि मग चुका होतात.

डिंजी कटवर्म (फेल्टिया जॅक्युलिफेरा): वरची कड फिकट, ठिपक्यांमध्ये काळा भाग. पट्ट्यावाल्या ऑक्झिलिॲरिसशी याचे साम्य खरोखर फसवे आहे. पण याचा उड्डाणकाळ उन्हाळ्याच्या अखेरपासून शरद ऋतूपर्यंतचा. मे-जूनमधला पतंग असेल तर हा पर्याय गळतो. सप्टेंबरात मात्र दोन्ही एकाच दिव्यावर येतात. तेव्हा नराच्या मिशा बघा. फेल्टियाच्या नरात त्या ठळक कंगव्यासारख्या असतात, युक्झोआत बहुधा करवतीसारखे छोटे दाते असतात.

वेस्टर्न बीन कटवर्म (स्ट्रिॲकोस्टा अल्बिकोस्टा): वरच्या कडेला सरळ पांढरी पट्टी आणि मागचा पंख फिकट मलईच्या रंगाचा. जुलै-ऑगस्टमध्ये मका आणि राजम्याच्या शेतांभोवती उडतो. नावात कटवर्म असले तरी याची अळी रोपे कापत नाही, कणसात शिरते. ही जातही ॲग्रोटिस म्हणूनच वर्णन झाली होती. आज ती स्वतःच्या वेगळ्या वंशात आहे.

व्हेरिगेटेड कटवर्म (पेरिड्रोमा सॉशिया): बसताना पंख एकमेकांवर घट्ट मिटून अरुंद दिसतो. मागचा पंख चमकदार, शिरा गडद.

नॉक्टुआ प्रोनुबा: मागच्या पंखाचा नारिंगी-पिवळा रंग आणि काळी पट्टी एकदा पाहिली की चूक होत नाही. युरोपातून आलेली ही जात उत्तर अमेरिकेत प्रथम १९७९ साली नोव्हा स्कोशियात सापडली आणि नंतर खंडभर पसरली.

आणि खरी अडचण: युक्झोआ वंशातलेच इतर पतंग. तिथे वरची एकही खूण निर्णायक नाही. फिकट, पट्टा नसलेल्या रूपाचा नमुना केवळ पंखांवरून ‘ऑक्झिलिॲरिस’ म्हणून नोंदवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तारीख आणि ठिकाण यांवरून किती सांगता येते?

बरेच काही, कारण या पतंगाचे वेळापत्रक विलक्षण आहे. वर्षाला एकच पिढी. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत मादी मैदानातल्या भुसभुशीत मातीत अंडी घालते, बहुधा गहू किंवा लसूणघासाच्या शेतात. अळ्या अर्धवट वाढलेल्या अवस्थेत हिवाळा काढतात, वसंतात पुन्हा खायला लागतात आणि मेच्या मध्यापर्यंत मातीत कोषात जातात. तीन ते सहा आठवड्यांनी पतंग बाहेर येतात आणि पश्चिमेला, डोंगराकडे निघतात. उन्हाळाभर उंचावर रात्री फुलांतला मध पितात, दिवसा दगडांच्या राशींत दडून राहतात. शरदात तेच पतंग मैदानात परततात.

म्हणून कॅन्ससच्या मैदानात ऐन जुलैच्या मध्यावर ‘ताजा’ ऑक्झिलिॲरिस सापडल्याची नोंद आली तर ती पुन्हा तपासावी. उलट, जुलै-ऑगस्टमध्ये तीन हजार मीटरवरच्या खडकांखाली शेकड्यांनी बसलेले पतंग असतील तर ही शक्यता सर्वांत आधी धरावी. सप्टेंबरमधले नमुने झिजलेले असतात, कारण त्या पतंगांचे वय तोवर तीन-चार महिने झालेले असते. ताजे टवटवीत खवले असलेला सप्टेंबरचा पतंग बहुधा दुसरीच कुठली जात.

फोटोवरून ओळख पटते का?

कधी पटते, कधी नाही. पट्टा ठळक असलेल्या ताज्या पतंगाची पटते. बाकींची ‘युक्झोआ, जात अनिश्चित’ इथवरच. निदान चार फोटो हवेत: अगदी वरून (मोजपट्टी किंवा आलेख-कागद शेजारी ठेवून), बाजूने, डोके व मिशा समोरून, आणि मागचा पंख उघडा करून. मागचा पंख लपलेला फोटो पाठवणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि तिथेच काम अडते. पतंग झाकणाच्या डबीत घालून फ्रिजमध्ये दहा-पंधरा मिनिटे ठेवला की सुस्तावतो. मग पुढचा पंख मऊ कुंचल्याने हलकेच पुढे सारता येतो. फ्लॅश थेट मारू नका, खवले चमकून नक्षी पुसली जाते.

नमुना कसा टिकवायचा?

मारण्यासाठी इथाइल ॲसिटेटची बाटली किंवा फ्रीझरमध्ये २४ तास. एका बाटलीत पुष्कळ पतंग कोंबू नका, एकमेकांवर घासून खवले जातात. टाचणी स्टेनलेस स्टीलची, २ किंवा ३ नंबरची, छातीच्या मधोमध सरळ. पंख पसरण्याच्या फळीवर पुढच्या पंखाची मागची कड शरीराशी काटकोनात आणा, मग मागचा पंख वर सरकवा, कागदाच्या पट्ट्यांनी दाबा आणि एक-दोन आठवडे वाळू द्या. घाईने काढलेले पंख नंतर खाली वळतात.

वाळून कडक झालेला नमुना पसरायचा असेल तर ओलसर टिपकागद घातलेल्या बंद डब्यात एक-दोन दिवस ठेवा. बुरशी येऊ नये म्हणून थायमॉलचा खडा टाका. पाणी थेट पंखाला लागू देऊ नका.

लेबलवर देश, राज्य, जिल्हा, नेमके ठिकाण, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासून उंची, तारीख, पकडण्याची पद्धत आणि पकडणाऱ्याचे नाव. महिना रोमन अंकांत लिहितात, कारण अमेरिकेत ५/६ म्हणजे ६ मे आणि आपल्याकडे ५ जून. वर पाहिल्याप्रमाणे या जातीच्या बाबतीत एका महिन्याच्या फरकाने ओळखच बदलू शकते.

जननेंद्रियांची तपासणी कशी करतात?

१९७० साली हार्डविक यांनी उत्तर अमेरिकेतल्या युक्झोआचे उपवंश मांडले ते मुख्यतः याच अवयवांच्या आधारे. पंख फसवतात तिथे निकाल इथेच लागतो. साधने: स्टिरिओ सूक्ष्मदर्शक, दोन बारीक चिमटे, सुया, बारीक कुंचला, १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण, अल्कोहोल. हायड्रॉक्साइड कातडी भाजवते, डोळ्यांत गेले तर इजा गंभीर. हातमोजे आणि चष्मा घालूनच.

१. पोट हलकेच वर दाबून छातीपासून मोडून घ्या. आधीच क्रमांक ठरवा आणि तोच क्रमांक टाचणीवर लावा. क्रमांक नसलेले पोट म्हणजे वाया गेलेला नमुना.

२. पोट १० टक्के द्रावणात रात्रभर ठेवा, किंवा परीक्षानळीत घालून गरम पाण्याच्या भांड्यात १५ ते ३० मिनिटे. नळी थेट ज्योतीवर धरू नका, द्रावण उसळून बाहेर येते. जास्त वेळ राहिले तर पातळ पडदे विरघळतात. चरबीने फुगलेल्या उन्हाळ्यातल्या पतंगाला वेळ जास्त लागतो, द्रावण एकदा बदलावेही लागते.

३. पाण्यात, मग ३० टक्के अल्कोहोलमध्ये घेऊन कुंचल्याने खवले आणि मऊ भाग झाडून काढा.

४. शेवटच्या खंडातून जननेंद्रिये ओढून वेगळी करा. नरात दोन्ही झडपा (मादीला पकडणारे दोन बाजूंचे भाग) उघडून पसरा. नरेंद्रियाच्या आतली पिशवी बारीक सुईच्या सिरिंजने अल्कोहोल भरून बाहेर फुगवा. या पायरीला हात सरावलेला लागतो. जोर जास्त झाला की पिशवी फाटते. पण ती न फुगवता केलेली तपासणी युक्झोआत अर्धीच, कारण जवळच्या जातींत फरक त्या पिशवीच्या वळणांत असतो.

५. क्लोराझॉल ब्लॅकने हलके रंगवा. पडदे दिसू लागले की थांबा, गडद झाले तर तपशील बुडतो.

६. अल्कोहोलची ताकद ७० आणि मग ९५ टक्क्यांपर्यंत वाढवत नेऊन युपॅरलमध्ये (नमुना काचेवर कायम बसवण्याचे चिकट द्रव्य) काचपट्टीवर बसवा. पाणी राहिले तर काचेखाली दुधाळ धुके येते. काचपट्टी नको असेल तर ग्लिसरीन भरलेल्या सूक्ष्म कुपीत ठेवून ती कुपी त्याच टाचणीला लावा. पुढे कुणाला फिरवून बघायचे असेल तर ही पद्धत बरी.

काय बघायचे? युक्झोआच्या बहुतेक नरांत प्रत्येक झडपेवर दोन टणक प्रवर्धे असतात, एक झडपेच्या मधून आणि एक खालच्या कडेतून निघालेले. ॲग्रोटिसमध्ये खालचे नसते. वंश ठरवायला हा फरक पुरतो. मादीत अंडी घालण्याच्या नळीचे टोक टणक, राठ केसांचे असते, मातीत खुपसण्याजोगे. त्यानंतर जातीसाठी, खात्रीने ओळखलेल्या नमुन्याशी किंवा छापील आकृत्यांशी तुलना करावी लागते. केवळ वर्णन वाचून जुळवू नका.

डीएनए बारकोड केला तर हे सगळे टळते का?

पुष्कळसे टळते, सगळे नाही. सीओ-१ जनुकाचा ६५८ आधार-जोड्यांचा तुकडा वाचतात. त्यासाठी एक पाय पुरतो. वाळलेला चालतो किंवा ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. फॉर्मालिन मुळीच नको. वंश आणि बहुतेक वेळा जातीगट लगेच कळतो, आणि ॲग्रोटिस, फेल्टिया वगैरे शंका मिटतात. पण युक्झोआ वंशात अगदी जवळच्या काही जातींचे बारकोड एकमेकांत मिसळलेले आहेत. शिवाय जुळणी करताना ज्या संग्रहातल्या नोंदीशी तुलना होते ती नोंद कुणी फोटोवरून ओळखली असेल, तर चूक पुढे चालू राहते. बारकोड आणि जननेंद्रिये यांचे उत्तर वेगळे आले तर पहिला संशय लेबलांच्या अदलाबदलीचा घ्या.

अळीवरून ओळख कशी?

वाढलेली अळी सुमारे ४० मिमी, फिकट हिरवट-करडी ते तपकिरी, पाठीच्या मधोमध फिकट पट्टा, बाजू गडद, अंगावर पांढुरके शिंतोडे. डोके फिकट तपकिरी, त्यावर गडद ठिपके. डिवचली की गोल वेटोळे करते, पण ते सगळेच कटवर्म करतात.

हिवाळी गव्हात तिच्याबरोबर पेल वेस्टर्न कटवर्म (ॲग्रोटिस ऑर्थोगोनिया) असते. ती फिकट, पट्टे नसलेली, आणि डोक्यावर दोन उभ्या गडद रेघा असलेली. सवय अधिक बोलकी: आर्मी कटवर्म रात्री जमिनीवर येऊन पाने खाते, पेल वेस्टर्न मातीखालीच राहून रोप कापते. पाने कुरतडलेली पण बुंधा शाबूत असेल तर पहिली. रोपे सुकून, मोडून पडत असतील तर दुसरी. फरक पैशांचा आहे. चांगल्या जोमदार गव्हात आर्मी कटवर्मच्या चौरस फुटाला चार-पाच अळ्यांपर्यंत थांबता येते, अवर्षणाने किंवा उशिरा पेरणीने पीक अशक्त असेल तर दोन. पेल वेस्टर्नला एक-दोनच पुरेत.

मोजणी: शेतात विखुरलेल्या जागी एक चौरस फुटाची चौकट टाका, वरची दोन इंच माती बोटांनी उकरा, ढेकळांखाली आणि वाळल्या शेणाखाली बघा. मार्च-एप्रिलमध्ये, दुपारच्या उबेत. एका कोपऱ्यातल्या मोजणीवर फवारणी ठरवू नका, अळ्या शेतभर सारख्या पसरलेल्या नसतात.

ब्लॅक कटवर्म वेगळी करायला पोटाच्या मधल्या खंडांच्या पाठीवरचे गाठीसारखे ठिपके बघा. प्रत्येक खंडावर दोन जोड्या असतात. ब्लॅक कटवर्ममध्ये मागची जोडी पुढचीच्या सुमारे तिप्पट मोठी, डिंजी कटवर्ममध्ये दोन्ही सारख्याच. ब्लॅकची कातडी भिंगाखाली खड्यांसारख्या उंचवट्यांनी भरलेली दिसते. पाठीच्या मधोमध पिवळ्या ठिपक्यांची रांग असेल तर ती व्हेरिगेटेड.

शंका उरली तर अळी वाढवा: डब्यात चार-पाच इंच ओलसर, निर्जंतुक केलेली माती, रोज ताजी पाने, एका डब्यात एकच अळी. गर्दीत त्या एकमेकींना खातात. शेतातून आणलेल्या अळ्यांतल्या काहींतून पतंगाऐवजी परजीवी माशी किंवा गांधीलमाशी निघेल. तीही जपून ठेवा, यजमानाची नोंद मौल्यवान असते.

कामगंध सापळ्यात आलेला पतंग ऑक्झिलिॲरिसच समजावा का?

नाही. ल्यूअरच्या (सापळ्यातल्या गंध-आमिषाच्या) पाकिटावर जातीचे नाव असते, पतंगांना ते वाचता येत नाही. जवळच्या जातींचे नरही त्याच गंधाला येतात. शिवाय आकडा फक्त नरांचा, आणि सापळ्यातली संख्या व शेतातल्या अळ्या यांचा संबंध सैल आहे. शरदातल्या सापळ्यांचा उपयोग ‘वसंतात शेत बघायला हवे’ एवढा इशारा मिळण्यापुरता. नमुने दर दोन-तीन दिवसांनी काढा, नाहीतर एकमेकांवर आपटून खवले उरत नाहीत.

डेन्व्हरला राहतो. जूनमध्ये घरात शेकडो पतंग शिरतात. हेच का? कपडे खातील का?

मेअखेर ते जूनमधली झुंड बहुधा हीच, वाटेवर थांबलेली. कपडे, धान्य काही खात नाहीत, घरात अंडी घालत नाहीत. बाहेरचे दिवे बंद ठेवा किंवा पिवळे लावा, दारांच्या फटी बुजवा, आत आलेले व्हॅक्यूमने ओढा. अंधाऱ्या खोलीत दिव्याखाली साबणाच्या पाण्याची बादली ठेवली तर रात्रीत बरेच पडतात. कीटकनाशक मारणे वाया. उद्या नवे येणारच.

ग्रिझली अस्वले हे पतंग खातात, हे खरे का?

खरे आहे. यलोस्टोनच्या परिसरात आणि माँटानातल्या ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात अस्वले उन्हाळ्यात दगडांच्या राशी उलटून हेच पतंग खातात. एक अस्वल दिवसाला ४०,००० पर्यंत पतंग खात असावे, असा संशोधकांचा अंदाज आहे. उन्हाळाभर मध पिऊन पतंगाच्या शरीरात चरबीचा वाटा ७० टक्क्यांच्या घरात जातो. नमुना गोळा करणाऱ्यांसाठी याचा अर्थ सरळ आहे: ऑगस्टमध्ये अशा दगडांच्या उतारांवर जाऊ नका. आणि तिथून कुणी आणून दिलेले नमुने चरबी सुटून तेलकट, काळपट होतात. वाळल्यावर काही तास ॲसिटोनमध्ये बुडवून ठेवले की नक्षी पुन्हा दिसते.

सगळे करूनही जात ठरली नाही तर लेबलवर काय लिहू?

जिथवर खात्री आहे तिथवरच. ‘युक्झोआ, जात अनिश्चित’ हे पूर्ण उत्तर आहे. ऑक्झिलिॲरिस वाटते पण तपासणी व्हायची आहे, तर वंश आणि जात यांच्यामध्ये ‘सीएफ.’ (म्हणजे ‘याच्याशी तुलना करा’) लिहा. ओळख कुणी केली, कोणत्या वर्षी आणि कशावरून (पंख, जननेंद्रिये की बारकोड) हे वेगळ्या लेबलवर लिहा. पुढे मत बदलले तर जुने लेबल काढू नका, नवे त्याच्याखाली लावा.